एर्लेनग्रुंडचा उलटा मेंढा

मी एक जुनी लाकडी ढाल आहे, मित्रांनो. एर्लेनग्रुंड या आमच्या खेड्याचं चिन्ह माझ्यावर कोरलेलं आहे: हिरव्या कुरणात पांढरा मेंढा. गोटहोल्ड सुताराने मला लिंडन झाडाच्या फळीतून घडवलं, पण एक चूक केली. चिन्हातल्या प्राण्याचं तोंड ढाल धरणाऱ्याच्या उजवीकडे असावं लागतं. गोटहोल्डने समोर उभं राहून स्वतःची उजवी बाजू धरली. त्यामुळे माझ्या मेंढ्याचं तोंड उलट्या बाजूला झालं, जणू तो शत्रूला पाठ दाखवून पळतो आहे.

तेव्हा कोणाला त्याचं काही वाटलं नाही. खानावळीच्या मागच्या खोलीत पंचायत भरायची आणि तिथल्या भिंतीवर माझा मान होता. मे महिन्याच्या सणाला शेजारच्या मूसबाखची पोरं मला चोरून न्यायची. मग आमचे लोक बँड वाजवत, खंडणी म्हणून बिअरचं पिंप घेऊन मला सोडवायला यायचे. खरं सांगते, चोरीला जायला मला फार आवडायचं.

मग श्ट्रोबुशबाई सरपंच झाल्या. त्यांनी शहरातून चिन्हांचे एक जाणकार गृहस्थ बोलावले. त्या गृहस्थांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "बाई, तुमचा मेंढा पळपुटा आहे!" बाई लाजेने लाल झाल्या. महिन्याभरात कारखान्यातून पत्र्याची चकचकीत ढाल आली, आणि माझी रवानगी अग्निशमनाच्या शेडमध्ये, पाण्याच्या नळ्यांमागे झाली.

ती माझी सवतच! तिला दर शनिवारी मऊ फडक्याने पुसतात हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिचा मेंढा सरळ उभा होता, शिंगं सोनेरी होती. तिला गंज चढावा असं मी रोज मनात म्हणायचे.

सणाला मूसबाखच्या पोरांनी तिलाच पळवलं. माझ्या शेडसमोरून नेलं, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चोरांनीही मला टाकलं, मित्रांनो! आता हिच्यासाठी बँड वाजणार म्हणून मी जळत बसले.

पण बँड वाजलाच नाही. शेडच्या दारात पंचायतीचे रुडी श्मेलिंग म्हणाले, "जाऊ दे हो. कारखान्यात साचा आहे. दुसरी मागवू."

मूसबाखचे लोक वाट बघून कंटाळले. त्यांची दोन पोरं ती ढाल परत घेऊन आली आणि तिला माझ्याशेजारी टेकवून ठेवलं.

"कोणी आलंच नाही रे. सगळा सण फुकट गेला," लोरेन्झ म्हणाला.

"ही बघ, जुनी! हिला न्यायचं का?" वेंडेलिनने विचारलं.

"ने. हिच्यासाठी नाही आले तर एर्लेनग्रुंडशी बोलणंच बंद."

मूसबाखच्या खानावळीत मी टेबलावर पडून होते. कोणी येणार नाही, ही भीती माझ्या फळीत भरली होती. दुपारी पुलावर बँड वाजला. सगळ्यांच्या पुढे श्ट्रोबुशबाई स्वतः पिंपाची ढकलगाडी लोटत होत्या.

"आणा आमची ढाल!" त्या धापा टाकत म्हणाल्या. "हिचा कुठे साचा आहे?"

आता मी पुन्हा पंचायतीच्या भिंतीवर आहे, छताजवळ, काचेच्या पेटीत. पत्र्याची ढाल बसथांब्यावर लावली आहे. शाळेची मुलं तिला टेकून उभी राहतात, तिच्या मेंढ्याची शिंगं बोटांनी गिरवतात. खिडकीतून मला सगळं दिसतं आणि अजूनही पोटात दुखतं. मित्रांनो, जुन्या वस्तूला नुसतं उंच टांगून मोकळे होऊ नका. कधीतरी काच उघडा आणि तिला हात लावा.