रसिकाच्या घरची स्कूटर

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. दिल्लीजवळच्या फरीदाबादच्या एका पोलीस ठाण्यामागे, जप्त केलेल्या गाड्यांच्या ढिगात मी उभी आहे. आरसा फुटला आहे, सीटमधून स्पंज बाहेर आला आहे. पण माझी कीव करू नका. मला राग आला आहे, तेवढा ऐकून घ्या.

माझा जन्म मानेसरच्या एका कारखान्यात झाला. तिथून मला उल्हासने घरी आणलं. उल्हास मूळचा सोलापूरचा, इथे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात फिटर. तो, त्याची बायको सरला आणि मुलगी रसिका कामगार वस्तीत दोन खोल्यांत राहत. मी दारात आले तेव्हा सरलाने माझ्या हँडलला हळदकुंकू लावलं. रसिका तेव्हा लहान, शाळेत जाणारी होती. ती पुढे उभी राहायची आणि रस्त्यातल्या म्हशींना स्वतःच "पीं पीं" ओरडायची, कारण उल्हास तिला हॉर्नला हात लावू देत नसे.

मोठी झाल्यावर ती माझ्यावरच गाडी शिकली. माझ्या डाव्या अंगावरचे सगळे ओरखडे तिचे आहेत. पुढे ती रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरीला लागली. पांढरा कोट घालून पहिल्यांदा निघाली, त्या दिवशी उल्हासने मला गल्लीतून अगदी हळू चालवलं. सगळ्यांनी पाहावं म्हणून.

वस्तीतल्या एका ठेकेदाराचा भाचा तिच्या मागे लागला होता. तिने त्याला चारचौघांत नाही म्हणून सांगितलं. सरलाने चौकीत तक्रारही दिली. "लड़का है, समझा देंगे," हवालदार म्हणाला. कुणी कुणाला समजावलं नाही. एका संध्याकाळी रसिका बसमधून उतरून चालत घरी येत असताना त्याने बाजाराच्या तोंडाशी तिच्यावर चाकूने वार केले. भर गर्दीत. तो पळाला. रसिका वाचली नाही.

त्याच आठवड्यात दिल्लीतल्या द्वारकेच्या एका मोठ्या सोसायटीत रेवती नावाच्या बाईंचा खून झाला. त्यांचा नवरा एका कंपनीत डायरेक्टर. आमच्या गल्लीबाहेरच्या चहाच्या टपरीवरचा टीव्ही दिवसभर त्यांच्याबद्दल बोलू लागला. त्या कशा हसायच्या, गच्चीवर कोणती झाडं लावायच्या, त्यांच्या कुत्र्याचं नाव काय. वरिष्ठ पोलीस अधिकारी रोज कॅमेऱ्यांसमोर उत्तरं देत होते. आरोपी लगेच सापडला. चांगलं झालं. रेवतीबाईही कुणाच्या तरी लेक होत्या. त्यांच्यासाठी कुणी ओरडलं, याचा मला राग नाही. तीच तोंडं आमच्या गल्लीकडे वळल्यावर मिटतात, याचा आहे.

कारण इकडे चौकीत एकच उत्तर मिळत होतं, "ढूँढ रहे हैं।" ठेकेदाराचा भाचा जवळच्याच पलवल गावी मावशीकडे लपला आहे, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही माहीत होतं.

"चला," सरला म्हणाली. "जिथे कॅमेरे आहेत, तिथे जाऊ."

उल्हासने मला द्वारकेपर्यंत चालवलं. सोसायटीच्या फाटकासमोर चॅनलच्या गाड्यांची रांग होती. पांढऱ्या कोटातल्या रसिकाचा फोटो छातीशी धरून सरला सरळ एका कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. तिथे परीक्षित नावाचा बातमीदार बोलत होता.

"आंटी, फ्रेम से हटिए! लाइव है!"

"मेरी बेटी को भी मारा है, भैया."

"आंटी, प्लीज!" आणि कॅमेरावाल्याने तिला खांद्याला धरून बाजूला केलं.

सरला माझ्याजवळ परत आली. "अहो, यांना आपली मुलगी दिसतच नाही का हो?"

ते ऐकून एक तरुण बातमीदार मुलगी मागे वळली. "काकू, तुम्ही मराठी? मी कृतिका. इथलीच, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरची." तिने माझ्या सीटला टेकून सगळं ऐकून घेतलं, फोटोचा फोटो काढला आणि ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या साहेबांचा आवाज इतका मोठा होता, की मलाही ऐकू आला.

"प्रोफाइल क्या है?"

"लैब में काम करती थी, सर. पिता फिटर हैं."

"छोड़ यार, कौन देखेगा? नीचे पट्टी चला देते हैं."

कृतिकाने मान खाली घातली. "काकू, सॉरी. मी... पट्टी तरी येईल."

टीव्हीच्या तळाशी पट्टी आली. टपरीवर सगळे उभे राहून वाचत होते. 'फरीदाबाद में युवती की हत्या, प्रेम प्रसंग का शक.' नाव नव्हतं. मेलेल्या मुलीवर संशय मात्र होता.

"कसलं प्रेम?" सरला टीव्हीवर ओरडली. "चौकीत जाऊन तक्रार केली होती आम्ही! हे प्रेम?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वस्ती हमरस्त्यावर उतरली. लॅबमधल्या मुली आल्या, उल्हासच्या पाळीचे कामगार आले. उल्हासने मला रस्त्याच्या मधोमध आडवं लावलं आणि किल्ली खिशात घातली. गाड्यांची रांग पार पुलापलीकडे गेली. आणि मित्रांनो, मग कॅमेरे धावत आले! परीक्षितही आला. सरलाला वाटलं, आता रसिकाचं नाव घेतील. तिने फोटो उंच धरला.

"देखिए, आम लोग किस तरह परेशान हैं," परीक्षित कॅमेऱ्याला सांगत होता. "देखिए, यह स्कूटर बीच सड़क पर!"

दिवसभर सगळ्या चॅनलवर मी दिसत होते. माझा नंबर, माझा फुटका दिवा, माझे ओरखडे. ते ओरखडे जिने पाडले तिचा चेहरा एकाही चॅनलने दाखवला नाही.

अडकलेल्या गाड्यांत कुणा मोठ्या साहेबांचीही गाडी होती. त्यांनी फोन फिरवले आणि जो इतके दिवस सापडत नव्हता, तो संध्याकाळच्या आत पलवलला सापडला. उल्हासवर रस्ता अडवल्याचा गुन्हा दाखल झाला आणि मला इथे आणून टाकलं.

मागच्या आठवड्यात उल्हास आणि सरला मला सोडवायची विनंती करायला ठाण्यात आले होते. अजून सोडवता आलेलं नाही. त्यांच्यासोबत कृतिका होती. तिने ते चॅनल सोडलं आहे. ती सरलाला म्हणाली, "काकू, मी आता स्वतःच लिहिते. रसिकाबद्दल बोलाल माझ्याशी?"

सरला म्हणाली, "बोलेन. पण 'युवती' लिहायचं नाही. रसिका लिहायचं. ती कशी हसायची, तेही लिहायचं."

मित्रांनो, तुमच्या घरी रोज बातम्या लागतात. एकाच खुनाची बातमी दिवसेंदिवस चालली, की मोठ्या माणसांना विचारा, या दिवसांत आणखी कोण मारलं गेलं? कुठल्या वस्तीत? नाव काय? त्यांना सांगता आलं नाही, तर पुन्हा विचारा. वैतागले तरी विचारा. आपल्या लेकीचं नाव जगाला सांगण्यासाठी कुठल्याही आईला रस्ता अडवावा लागू नये.