मुंग्यांच्या पेटीतला कोपरा

मी एक जुनी काचेची पेटी आहे. माझ्या एका काचेला तडा गेला आहे आणि झाकण जरा वाकडं बसतं. पण मित्रांनो, माझं खरं दुखणं वेगळंच आहे. मला घटकाभरही चैन पडत नाही. पोटात रात्रंदिवस पाय धावत असतात आणि मला मात्र जागचं हलता येत नाही. तुमच्या पायाला कधीतरी मुंग्या येतात, माझ्या तर सगळ्या जन्मालाच आल्या आहेत!

काच कापणाऱ्याने मला जोडलं ते माशांसाठी. काही दिवस दिवाणखान्यात माझं भारी कौतुक झालं. मग पाणी बदलायचा सगळ्यांना कंटाळा आला, मासे गेले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथून मला खाली काढलं ते या घरातल्या ताईने. ताई मुंग्यांचा अभ्यास करते. तिने माझ्या तळाशी प्लास्टरच्या खोल्या आणि बोळ केले, त्यांवर काच चिकटवली आणि एक राणी मुंगी आत सोडली.

ते पहिलं कुटुंब मी अजून विसरलेली नाही. राणी आणि तिच्या जेमतेम दहा-बारा लेकी. अन्न आणायला गेलेल्या दोघी झाकणाच्या फटीतून बाहेर पडल्या आणि वाट चुकल्या, बस्स! तेवढ्यानेच घर कोलमडलं. उरलेल्यांनी अन्न आणायला जावं तर अंडी उघडी, अंड्यांपाशी थांबावं तर राणी उपाशी. सगळ्या दिवसभर पळायच्या. पळता पळताच संपल्या.

"घर लहान असलं की एकही चूक परवडत नाही," ताई म्हणाली. तिने मला पुसून घेतलं, तेव्हा तिचे डोळे भरले होते.

दुसरं कुटुंब मात्र वाढलं. शेकड्यांनी झालं. आता कुणी वाट चुकली तरी तिची जागा घ्यायला दुसरी हजर असे. आणि एक नवलच दिसू लागलं. माझ्या वरच्या, काच नसलेल्या मोकळ्या कोपऱ्यात मुंग्यांचा एक घोळका नुसता बसून राही. ना आणणं, ना नेणं.

याच सुमारास ताईचे बाबा राहायला आले. ते घड्याळं दुरुस्त करायचे. हात थरथरू लागला म्हणून दुकान बंद केलं होतं. माझ्यासारखीच त्यांनाही स्वस्थता नव्हती. दिवसभर नळ घट्ट करत, बिजागऱ्यांना तेल देत फिरायचे. काम संपलं की माझ्यापुढे उभे राहायचे.

"ही कोपऱ्यातली मंडळी करतात तरी काय?" ते म्हणाले.

"बसतात," ताई म्हणाली.

"म्हणजे माझ्यासारख्याच! नुसतं बसून खायचं." बाबा हसले, पण हसू टिकलं नाही. "पोरी, मी दुकानामागच्या खोलीत राहायला जातो. इथे उगाच तुझ्यावर भार."

ताई खाली मान घालून माझी काच पुसत राहिली. मी मनातल्या मनात ओरडत होते, अगं, बोल काहीतरी! पण पेटीचं कोण ऐकतो?

दुसऱ्या दिवशी ताई कामासाठी परगावी गेली. बाबांनी आपली बॅग भरून दारापाशी ठेवली. ताई परत येताच निघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. जाण्याआधी तिचं एखादं काम मार्गी लावावं म्हणून त्यांनी मऊ ब्रश घेतला आणि कोपऱ्यातल्या मुंग्या अलगद एका बरणीत काढल्या. "जास्तीचे स्क्रू डबीत," ते पुटपुटले. मग त्यांनी मुंग्यांना पाणी पुरवणारी, तोंडाशी कापूस लावलेली माझी नळी बदलली. थरथरत्या हाताने कापूस सैल बसला.

दुपारी तो निसटला. पाणी थेट पिल्लांच्या खोलीत शिरलं. मुंग्या पिल्लं तोंडात धरून धावू लागल्या, पण नेणाऱ्या थोड्या आणि पिल्लं ढीगभर! बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. खोल्यांवर काच, ब्रश आत पोचेना. त्यांनी ताईला फोन लावला.

"बाबा, कोपऱ्यातल्या कुठे आहेत?"

"बरणीत काढल्यात."

"आधी परत सोडा त्यांना!"

"अगं, पण त्या काहीच काम करत नाहीत."

"काम पडलं नव्हतं त्यांना, बाबा!"

बाबांनी बरणी माझ्यात उपडी केली. ती मंडळी क्षणभर घुटमळली. धावणाऱ्या मुंग्यांच्या मिशांना मिशा लागल्या आणि सारा घोळका खाली सुटला. एवढा वेग मी कधी पाहिला नव्हता. थोडी पिल्लं गेली, बाकी सगळी वर कोरड्यात पोचली. राणीही वाचली. आणि सगळं आटोपल्यावर त्या पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसल्या, जणू काही झालंच नाही. बाबा डोळे पुसत कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत होते.

ताई परतली. दारापाशी आता बॅग नव्हती. माझ्या शेजारी, भिंतीच्या कोपऱ्यात, बाबांची खुर्ची मांडलेली होती.

"मी इथे बसतो," बाबा म्हणाले. "काम पडलं की हाक मार."

ताईने मान डोलावली आणि नवा कापूस आणायला वळली. डोळे पुसायला तिला तेवढंच निमित्त.

मित्रांनो, माझी अस्वस्थता काही गेलेली नाही. तडा वाढतो आहे, मी किती दिवस टिकेन कोण जाणे. म्हणून आत्ताच सांगते. माझ्याजवळ आलात तर काचेवर टकटक करू नका. कापूस घट्ट आहे ना, तेवढं बघा. आणि कोपऱ्यात कुणी बसलेलं दिसलं, तर त्यांना तिथून उठवू नका.