आत माणूस आहे

त्या काचेच्या इमारतीत तिला सगळे कुलूपबाई म्हणत. तोंडावरच म्हणत, त्यामुळे वाईट वाटून घ्यायचीही सोय नव्हती. कामाला लागली तेव्हा ती नुसती एसी मेकॅनिक होती. मग वायरिंग शिकली, मग पंप शिकली, आणि हळूहळू इमारतीत जे जे बिघडू शकतं ते दुरुस्त करणाऱ्या टोळीत तिला फोरमनच्या खालोखाल मान मिळू लागला. हा मान तळघरापुरता होता. वरच्या मजल्यांवरची माणसं अजूनही, ती पाना घेऊन समोर उभी असताना, तिलाच विचारत, "मिस्त्री कधी येणार?" ती म्हणे, "आलाय," आणि काम उरकून निघून जाई.

घरी सासूबाई शेजारणींना सांगत, सून ऑफिसात असते. त्यात खोटं काहीच नव्हतं. सून ऑफिसातच असे, फक्त छताच्या वरच्या अंगाला.

कुलूपबाई हे नाव पडायला एक कोर्स कारणीभूत झाला. कंपनीला सुरक्षिततेच्या कोर्ससाठी खरं तर फोरमनदादांना पाठवायचं होतं, पण कोर्सचं नाव ऐकताच दादांची पाठ धरली आणि कोर्स संपला त्या दिवशी सुटली. म्हणून ही गेली आणि एक नियम घेऊन परत आली. यंत्राच्या पोटात शिरायचं तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं, वर 'आत माणूस आहे' अशी पाटी अडकवायची आणि किल्ली खिशात टाकायची. दोघं शिरले तर कुलपंही दोन. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. बाहेरच्या कुणी, मग तो कितीही मोठा असो, त्याला हात लावायचा नाही.

"कुलूप लावायला आपण काय दुकान बंद करतोय?" दादा म्हणाले. दादांची पद्धत सोपी होती. ते स्विचपाशी उभे राहत आणि आतल्या माणसाला ओरडून सांगत, "मी आहे ना!" इतकी वर्षं त्यावर निभावलं होतं. तिनं प्रत्येकाला एकेक कुलूप आणि पाटी दिली. दुसऱ्याच दिवशी एक पाटी संडासाच्या दाराला लागलेली दिसली आणि एक कुलूप प्लंबरच्या जेवणाच्या डब्याला. ती रोज नियम सांगे, ते रोज मान डोलावत. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

अशात जवळच्याच एका मोठ्या इमारतीत व्यवस्थापकाची जागा निघाली. सगळ्या यंत्रांची, सगळ्या माणसांची जबाबदारी एकाकडे. तिनं अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. ही जागा तिला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. टेबल-खुर्चीचा सोस नव्हता तिला. "मिस्त्री कधी येणार" हे ठरवणारी व्यक्ती आपण व्हावं, एवढंच तिच्या मनात होतं. टोळीत मात्र ती कुणाला काही बोलली नाही. दादांना तर नाहीच. दादा पुढेमागे निवृत्त होणार आणि ही त्यांच्या जागी बसणार, असं त्यांनी तिला न विचारताच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मुलाखत दुपारच्या सुट्टीत होती. त्याआधी मोठ्या ब्लोअरचा पट्टा ताणून घ्यायचा होता. हा ब्लोअर म्हणजे तळघरातली एक खोलीच. सगळ्या मजल्यांना थंड हवा तोच ढकलतो, पत्र्याच्या बोगद्यातून. तिनं स्विच बंद केला, कुलूप घातलं, पाटी लावली. पत्र्याला पोचे पडू नयेत म्हणून कामाचे बूट काढून आत शिरायचं असतं, तशी शिरली. पट्टा ताणला, बाहेर आली, हात धुतले, कपडे बदलले. हे सगळं करताना मनात उजळणी चालूच होती. तुमचा एखादा दोष सांगा, असं हमखास विचारतात म्हणे. त्यावर ती म्हणणार होती, "मी जरा जास्तच काटेकोर आहे." हे वाक्य वेगवेगळ्या सुरांत म्हणत तिनं पायात जावेचे बूट चढवले, जे तिला एक नंबर लहान होते, आणि मागच्या दारानं निघून गेली.

स्विचला कुलूप तसंच होतं. पाटी तशीच होती. ब्लोअरच्या उघड्या झडपेशी तिचे कामाचे बूट जोडीनं ठेवलेले होते. किल्ली पर्समध्ये होती आणि फोन बंद होता.

मुलाखत लांबली. समोर चष्मेवाल्या बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी एक गृहस्थ, ते फक्त पाणी पीत होते. दोष कुणी विचारलाच नाही. बाईंनी तिची कुलपांची हकीकत लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाल्या, "तुम्ही नसताना तुमची माणसं हा नियम पाळतात?"

हो म्हणायला काही लागत नव्हतं. पण तिला तो जेवणाचा डबा आठवला.

"नाही," ती म्हणाली. "माझी पाठ वळली की कुलपं जेवणाच्या डब्याला लागतात. फोरमननी तर अजून एकदाही लावलेलं नाही."

गृहस्थांनी पाणी पिणं थांबवलं. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं आणि कळवतो म्हणाल्या.

परत येताना इमारतीच्या पायऱ्यांवर तिला गर्दी दिसली. टाय सैल केलेले लोक फायलींनी वारा घेत उभे होते. काचेची इमारत दिसायला झकास असते, पण तिच्या खिडक्या उघडत नाहीत. एसी बंद पडला की आतल्या माणसांची वाफ होते. एसी बंद का असेल, याचा तिनं एखाद्या मेकॅनिकसारखा शांतपणे विचार केला. मग तिचा हात आपोआप पर्समध्ये गेला आणि किल्लीला लागला. जावेचे बूट हातात घेऊन ती तळघराकडे धावत सुटली.

खाली साहेब उभे होते, म्हणजे इमारतीचे मोठे साहेब. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "एका कुलपासाठी सगळी इमारत भाजून काढणार का तुम्ही?" ते लिफ्टवाल्यावर ओरडत होते. "कटर आण आणि तोड ते!"

"कटर सापडत नाही साहेब," लिफ्टवाला म्हणाला. तो कटरवरच बसला होता.

"आणि सापडला तरी तोडता येणार नाही," प्लंबर म्हणाला. तो झडपेत डोकं घालून टॉर्च मारत होता. "पाटी आहे. ज्याचं त्यानंच काढायचं असतं."

"काय झालंय?" तिनं मागून विचारलं.

"कुलूपबाई आत अडकलीय," प्लंबरनं मान न वळवता सांगितलं. "बूट इथेच आहेत तिचे. हाक मारतोय तर ओ देत नाही. दादा शोधायला गेलेत." एवढं बोलून झाल्यावर त्यानं मान वळवली. टॉर्चचा झोत आता तिच्या तोंडावर होता.

साहेबांना सगळ्यात आधी कंठ फुटला. तिला काय म्हणायचं ते साहेब नंतर म्हणणार होते. आधी एसी सुरू करा, एवढं सांगून ते वरच्या लोकांना तोंड द्यायला निघून गेले. तिनं किल्ली काढली, आपलं कुलूप उघडलं आणि स्विचची दांडी वर ढकलली. दांडी हलली नाही. तिच्या कुलपाच्या खाली आणखी एक कुलूप होतं. त्यावरही पाटी होती आणि पाटीवर मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, फोरमन.

"दादा!" प्लंबर झडपेत ओरडला. "बाहेर या! ती सापडली!"

"कुठं?" बोगद्याच्या पोटातून आवाज आला. आवाज पार बसला होता.

"बाहेर!"

पत्र्याचा आवाज थांबला. मग तो हळूहळू जवळ येऊ लागला, आणि बऱ्याच वेळानं झडपेतून आधी दादांचे हात आले, मग दादा. केसांत, भुवयांत, कानांत धूळ. पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली, कोपरं सोललेली. ते जमिनीवर बसले आणि त्यांनी तिच्याकडे खालून वर पाहिलं. अनवाणी पाय, इस्त्रीचे कपडे, हातात टाचांचे बूट.

"लग्नाला गेली होतीस?"

"मुलाखतीला."

दादांनी मान हलवली. प्लंबर आणि लिफ्टवाला एकदम भिंतीकडे बघू लागले. ती खाली बसली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तिनं सांगून टाकलं, कुठली जागा, कशाची जागा, आणि कुलूप काढायचं कसं राहून गेलं ते. "माझं चुकलं दादा. मोठी चूक झाली."

बोलता बोलता तिनं बंद ठेवलेला फोन सुरू केला आणि तो लगेच वाजला. चष्मेवाल्या बाई होत्या. तळघरात आवाज नीट येत नाही म्हणून तिनं स्पीकर लावला. हे तिनं करायला नको होतं.

"अभिनंदन," बाई म्हणाल्या. "तुमचंच नाव नक्की झालंय. बाकीच्या सगळ्यांनी सांगितलं की आमची माणसं अगदी काटेकोर नियम पाळतात. आमची माणसं पाळत नाहीत, असं खरं बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच."

दादा आपल्या गुडघ्यावरची धूळ झटकत होते. ते थांबले नाहीत, पण झटकण्याची गती कमी झाली.

"आभारी आहे" एवढं म्हणून फोन ठेवायचा होता. जागा मिळाली होती. तिनं दादांच्या सोललेल्या कोपराकडे पाहिलं.

"बाई, माझं ते उत्तर चुकलं," ती म्हणाली. "माझी माणसं पाळतात. साहेबांनी कुलूप तोडायला सांगितलं तरी त्यांनी तोडलं नाही. फोरमन स्वतःचं कुलूप लावून मला शोधायला आत शिरले."

"शोधायला? तुम्ही तर आमच्याकडे होता."

"हो."

"मग स्विचला तुमचं कुलूप कसं?"

"मी काढायचं विसरले."

"आणि किल्ली?"

"पर्समध्ये होती. तुमच्यासमोर टेबलावरच ठेवली होती पर्स."

पलीकडून कुणीतरी पाणी प्यायल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "आम्हाला पुन्हा बोलावं लागेल आपसांत," आणि फोन बंद झाला.

"गेली?" दादांनी विचारलं.

"गेल्यातच जमा."

"तुला कुणी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग कशाला बोललीस, वेडे? हातातोंडाशी आलेला घास."

"तुमच्याबद्दल खोटं सांगून आले होते. तो घास गिळवला नसता मला," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. ते पुसायला तिच्या हातात जावेचे बूटच होते, म्हणून तिनं ते पुसले नाहीत.

दादांनी खिशातून किल्ली काढली आणि भिंतीला धरून उठले. ते स्विचपाशी गेले, किल्ली कुलपाला लावली. ती बाजूला घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. दादांनी आपल्या हाताकडे परक्यासारखं पाहिलं.

"आत पार शेवटच्या वळणाशी," ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "बोगद्याचं जुनं अस्तर सुटून पडलंय. ढीगच आहे मोठा. टॉर्च विझली होती माझी. अंधारात त्याला हात लागला आणि मला वाटलं, तूच."



"तू काढ," दादांनी किल्ली तिच्यापुढे धरली. "माझ्यानं होत नाही."

तिनं किल्ली घेतली नाही. "तुमचं कुलूप आहे दादा. तुम्हीच काढायचं."

"आणि वरचे?"

"बसू द्या."

दादा पुन्हा खाली बसले. ती त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. वरून साहेबांनी दोनदा निरोप पाठवला. दोन्ही वेळा लिफ्टवाल्यानं सांगितलं की काम चालू आहे.