बिनगाठीची शिवण

"गाठ मारू नकोस म्हटलं ना!" बुकाने रादकाच्या हातातली सुई काढून घेतली.

"अगं ताई, गाठ नाही मारली तर उसवेल."

"उसवू दे. मला काय ते घालून नाचायला जायचंय?"

तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात काढलेल्या रादकाची बोटं आपोआप गाठीकडे वळत. पण हे बुकाचं कफन होतं, आणि ज्यूंच्या कफनाला गाठ चालत नाही.

मयतांना आंघोळ घालण्यात बुकाची जोडीदार असलेली म्हातारी व्हिदा गेल्या आठवड्यात गेली. तिला बुकाने आंघोळ घातली, पाणी रादकाने ओतलं. आता अख्ख्या रुसे गावात मयताला आंघोळ घालणारी ज्यू बाई एकटी बुका उरली होती. आपल्याला कोण घालणार, या काळजीने तिच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी शेजारच्या ख्रिस्ती रादकालाच तिने शिकवायला घेतलं.

एके काळी या कामाला आठजणी यायच्या. काम उरकलं की त्यांच्यातल्याच एस्तेरच्या अंगणात कॉफी, उकडलेली अंडी आणि गावभरची उणीदुणी. सगळ्यांत धाकट्या बुकाकडे फक्त पाणी भरायचं काम असे. एकोणपन्नास सालापर्यंत बाकीच्या सगळ्या मुलाबाळांसकट इस्रायलला निघून गेल्या. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून बुका राहिली. अजूनही कॉफीचा वास आला की त्या अंगणासाठी तिचा जीव तुटायचा.

"तुमच्या सोफियातल्या ज्यू मंडळींना चालेल का हे, माझ्या हातचं?"

"त्यांची वाट बघत बसले तर वास मारायला लागेन मी."

रादका खळखळून हसली. बुका पलंगावर सरळ आडवी झाली.

"आता शेवटचं. सगळं झालं की मयताचं आणि त्याच्या बापाचं नाव घेऊन माफी मागायची. काही चुकलंमाकलं असेल तर माफ कर, बस्स. म्हणून दाखव." तिने डोळे मिटले.

"बुका, लेओनची मुलगी," रादका म्हणाली, "माझं काही चुकलं..." आणि ती अडली.

"पुढे?"

"ताई, युद्धात तुम्हा ज्यूंना कोटावर पिवळा तारा लावून फिरावं लागायचं ना, तेव्हा मी बारा वर्षांची होते. बाजारात तू मला हाक मारलीस. मला ऐकू आली होती. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले." तिला हुंदका आला. "आईने सांगितलं नव्हतं गं. माझी मीच गेले."

बुकाला ती दुपार आठवत होती. घरी येऊन ती खूप रडली होती.

रादकाचं सगळं बोलून, माफी मागून होईपर्यंत ती मयतासारखी डोळे मिटून तशीच पडून राहिली.