गोठ्याच्या मापाचा ट्रॅक्टर

मित्रांनो, मी जुना आहे, बुटका आहे आणि माझा लाल रंग आता विटेसारखा फिका पडला आहे. मी एक लहान ट्रॅक्टर आहे. मला चांगलं म्हणणारी माणसं थोडी भेटली आणि नावं ठेवणारी फार. त्यात माझा दोष किती होता ते तुम्हीच ऐकून ठरवा.

माझा जन्म विलायतेत झाला. भाज्यांचे वाफे, फळबागा, घरामागची दोन-चार एकर भुसभुशीत जमीन, असल्या कामासाठी मला घडवलं होतं. दुसरी मोठी लढाई संपल्यावर आगबोटीतून मी मुंबईला उतरलो आणि तिथून सांगलीला आलो. सांगलीत एका व्यापाऱ्याच्या आवारात आम्ही दोघे उभे होतो. मी, आणि माझ्या शेजारी एक थोराड ट्रॅक्टर. त्याची मागची चाकं लोखंडी होती आणि त्यांना हाताएवढे दाते होते. त्या व्यापाऱ्याकडे नाथाजी नावाचा माणूस कामाला होता. तो रोज सकाळी फडक्यानं आम्हाला पुसायचा.

एकोणीसशे एकोणपन्नास साली, होळीच्या आधी आठ दिवस, हंबीरराव तिथे आले. अंगात लष्करातला खाकी कोट, डोक्याला फेटा, हातात बैलाचं दावं. हंबीररावांचं गाव मलकापूरच्या पुढे, कोयनेच्या काठावर. लढाईत ते मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, लॉरी चालवत होते. हवालदार होऊन परत आले होते.

"हवालदार, रान किती?" नाथाजीनं विचारलं.

"पाच एकर. घरामागं एक, नदीकडं चार."

"नदीकडचं काळं असंल."

"काळं. हरळी हाय लय."

हरळी म्हणजे काय ते तुम्हाला सांगतो. ते गवत आहे. वरून बोटभर दिसतं, पण त्याच्या मुळ्या हातभर खोल जातात. उन्हाळ्यात सहा बैलांचा लोखंडी नांगर खोल घालून मुळ्या उलथ्या पाडाव्या लागतात, तेव्हा त्या वाळून मरतात. नाहीतर पुढच्या पिकाला ती खाऊन टाकते.

नाथाजी सरळ माणूस होता. त्यानं थोराड ट्रॅक्टरवर हात ठेवला. "मग ह्यो न्या. ह्यो खोल नांगरंल. धाकटा बागंतला हाय."

हंबीररावांनी हातातलं दावं थोराडाच्या मागच्या चाकांना आडवं लावलं. दाव्याला दोन गाठी मारल्या होत्या. चाकं गाठींच्या बाहेर वीतभर गेली. मग तेच दावं त्यांनी मला लावलं. मी गाठींच्या आत बसलो.

"ह्यो घेतो," ते म्हणाले.

"आवं, माप कशाचं हाय हे?"

"गोठ्याच्या दाराचं."

नाथाजीला हसू आलं. "हवालदार, दार फोडून रुंद करता येतं. रान मऊ करता येत न्हाई."

"त्या दाराला हात लावायचा न्हाई," हंबीरराव म्हणाले. आवाज असा होता की नाथाजीचं हसू तिथंच थांबलं.

मग त्यांनी बैल पारखतात तसं मला पारखलं. पुढून बघितलं, मागून बघितलं. दहा पावलं चालवून बघितलं. शेवटी बैलबाजारात करतात तसा खांद्यावरचा टॉवेल त्यांनी नाथाजीच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याची बोटं धरून भाव सांगायला लागले. नाथाजी गोंधळला. म्हणाला, "ह्याचा भाव पाटीवर लिवलाय, हवालदार. ह्येला बोटं लागत न्हाईत." माझ्यासाठी केलेला नांगरही त्यानं दाखवला. हंबीररावांनी तो घेतला नाही. घरी नांगर आहे म्हणाले.

मला तेव्हाच सांगावंसं वाटत होतं की बाबा, मला विचार मी काय ओढतो ते. पण आम्हाला तोंड कुठे असतं?

सांगलीहून गावाला आम्ही दोन दिवसांत आलो. घरी आल्यावर त्यांनी मला गोठ्यात घातलं. मी दारातून अगदी बेतानं आत गेलो. दाराच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या मातीचा गिलावा होता आणि त्यावर बाईमाणसाच्या बोटांच्या खुणा होत्या. मग हंबीररावांनी एक गोष्ट केली जी मला कळेना. त्यांनी माझ्या पुढच्या दांड्याला दावं बांधलं आणि गव्हाणीच्या खुंट्याला अडकवलं.

शेजारच्या म्हाताऱ्या बयाबाई मला बघायला आल्या. त्यांच्या बोलण्यातून मला सगळं समजलं. हंबीररावांच्या मालकीण राहीबाई दिवाळीनंतर तापानं गेल्या. मूलबाळ नव्हतं. बैलांची वैरण, पाणी, शेणघाण, दाराचा गिलावासुद्धा, सगळं राहीबाई बघायच्या. त्या गेल्यावर बैल दिवस मावळायला दाराकडे तोंड करून हंबरायचे. हंबीररावांना ते ऐकवेना. त्यांनी बैल विकले. मग रिकामा गोठा बघवेना.

"यंत्र हंबरत न्हाई, आक्का," हंबीरराव म्हणाले. "कुणाची वाट बघत न्हाई."

"व्हय. पण वडतंय का?" बयाबाईंनी विचारलं.

ओढण्यावरच सगळं होतं. थोरले भाऊ आप्पासो यांनी सांगून ठेवलं होतं की "नदीकडचं चार एकर रान वाट्यानं मला कसायला दे आणि दोन वेळा आमच्यात जेवायला ये." हंबीररावांना ते लागलं होतं. ते पडीक रान त्यांनी आणि राहीबाईंनी दोघांनी मोडून वहितीला आणलं होतं. नांगरटीत हंबीरराव नांगराच्या रुमण्यावर आणि राहीबाई पुढच्या जोडीच्या तोंडाशी, लढाईची वर्षं सोडून अशी बारा वर्षं. म्हणून त्यांनी चावडीवर चार माणसांत शब्द दिला होता. "आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणापर्यंत सगळं रान मी एकटा नांगरतो. नाही जमलं तर रान आप्पाचं."

मित्रांनो, त्या शब्दाचं ओझं माझ्या डोक्यावर होतं आणि मला कोणी विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी निम्मं गाव बांधावर जमलं. हंबीररावांनी सहा बैलांचा नांगर साखळीनं मला जोडला. पेट्रोलवर मला चालू केलं, मग रॉकेलवर घेतलं. नांगर जमिनीत घुसला आणि माझी पुढची दोन्ही चाकं वर उचलली.

"हे घोड्यागत उभं ऱ्हातंय," कोणीतरी म्हणालं.

"हवालदार, लगाम वढा की."

हंबीररावांनी माझ्या नाकाडावर दगड बांधले. पुढची चाकं खाली आली, तर मागची जागेवर फिरायला लागली. त्यांनी खड्डे पाडले. खड्ड्यात गोणपाट टाकलं, ते फाटून उडालं. नांगर वर घेतला तेव्हा मी चाललो, पण तेवढ्यानं माती चार बोटंच उलटत होती. हंबीररावांनी वाकून ढेकूळ फोडलं. खाली हरळीच्या मुळ्या पांढऱ्याधोट, जशाच्या तशा.

असं रोज चाललं. सकाळी हँडल मारायचं, मी ते दोन वेळा उलटं फेकायचो, मग चालू व्हायचो. एकदा हँडलनं त्यांचा अंगठा सुजवला. ते मला शिव्या द्यायचे. चाकाला लाथ मारायचे. एकदा ढेकूळ उचलून माझ्या टाकीवर फेकलं. तो पोचा अजून आहे. त्यांचा राग मला समजत होता, पण माझाही राग होता. मी आळशी नव्हतो. माझ्या अंगात होती नव्हती ती ताकद मी देत होतो. रेडा ओढतो ते ओझं शेळीच्या गळ्यात घालायचं आणि वर शेळीला मारायचं, याला काय म्हणावं?

पंधरा दिवसांत अर्धा एकर झालं, तेही वरवर.

तेव्हा हंबीरराव पैऱ्याला बैल मागायला गेले. आमच्या भागात ज्याच्याकडे एक जोडी असते तो दुसऱ्याची जोडी नांगराला घेतो आणि आपली त्याला देतो. त्याला पैरा म्हणतात. त्यांच्या शेताला शेत असलेले नानासो यांच्याकडे ते गेले. मला तसंच बांधावर उभं केलं होतं, म्हणून बोलणं माझ्या कानावर आलं.

"बैलाला बैल, हंबीरराव," नानासो म्हणाले. "राग मानू नगा. तुमच्याकडं आता काय हाय द्यायला?"

हंबीररावांनी माझ्याकडे बघितलं.

"ते व्हय?" नानासो म्हणाले. "ते माझ्या जोडीसंगं कुठल्या जुवात घालू?"

हंबीरराव परत आले. माझ्या आसनावर बसले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मला चालू केलं नाही. ऊन तापलं होतं. अशा वेळी बैल असते तर त्यांनी सावलीला नेले असते. मी उन्हातच होतो.

आखिती आली. चार एकरातलं एक एकरसुद्धा धड झालं नव्हतं. सकाळी आप्पासो गोठ्यात आले. हंबीरराव माझ्या इंजिनाची काजळी खरवडत होते.

"आप्पा, रान तुमचं," ते मान वर न करता म्हणाले. "चार माणसांत शब्द दिला हुता."

आप्पासोंची नजर माझ्या दाव्यावर गेली.

"ह्येला बांधलंय कशाला? पळून जातंय व्हय?"

"सवय."

आप्पासो गव्हाणीवर बसले. "हंबीरा, तू मिसरात मोटारी चालवल्यास. तुला यंत्रातलं कळत न्हाई असं मी म्हणनार न्हाई. मग असलं कसं घेतलंस?"

हंबीररावांनी हातातली खरवडायची पट्टी खाली ठेवली. "बैल घ्यायला मी कवा एकला गेलोय का? कराडच्या बाजारात ती बरोबर असायची. माणसं हसायची, बाईला घेऊन बैल बघायला आला म्हणून. मी तोंड बघायचो, शिंगं बघायचो. ती खाली बसून खूर बघायची. आन् म्हणायची, ह्यो आपल्या रानाचा न्हवं."

"मग मला सांगायचंस. मी आलो असतो."

"तुमी आला असता तर तिच्या जागी आला असता."

बाहेर बयाबाईंच्या कोंबड्या उकिरडा उकरत होत्या.

थोड्या वेळानं आप्पासो उठले. "रान मी घेतो," ते म्हणाले. "वाट्यानं. न्हाई म्हणून तुला लाजवत न्हाई. पण पुढच्या जोडीच्या तोंडाशी माणूस कमी हाय माझ्याकडं. तू येनार का?"

हंबीररावांनी हात धोतराला पुसले.

त्या दिवशी मी गोठ्यात एकटा होतो. मागच्या झरोक्यातून नदीकडचं रान दिसतं. सहा बैल चालत होते आणि सगळ्यांत पुढे, राहीबाई चालायच्या तिथे, हंबीरराव कासरा धरून चालत होते. दुपारी ते भावाच्या घरी जेवायला गेले. नांगर हातभर खोल जात होता. हरळीच्या मुळ्या उन्हात उलट्या पडल्या होत्या. हे काम माझं नव्हतं, हे मी तेव्हा डोळ्यांनी बघितलं.

माझी सुटका झाली ती पुढच्या महिन्यात. हंबीरराव एसटीनं सांगलीला गेले. या वेळी आप्पासो बरोबर होते. नाथाजीकडून त्यांनी माझा तो लहान नांगर आणला. घरामागच्या एक एकरात मी तो लोण्यासारखा ओढला. तिथे आम्ही वीस वर्षं वांगी, मिरची आणि घेवडा केला. हंबीरराव पुढे माझ्याशी फारसे बोलले नाहीत, पण लाथ पुन्हा मारली नाही. आता ते नाहीत. मी त्याच गोठ्यात आहे.

मित्रांनो, मला पुसा, मला तेल घाला, असं मी तुम्हाला सांगत बसणार नाही. ते तुम्हाला शाळेत सांगतात. मी एवढंच मागतो. यंत्र घ्या, बैल घ्या, काहीही घ्या, आधी आपलं काम किती आहे ते मोजा. मग जो येईल त्याच्याकडून तेवढंच मागा. आणि घरातलं माणूस नुकतंच गेलं असेल, तर बाजाराला एकटे जाऊ नका. जो कोणी बरोबर येतो म्हणेल त्याला येऊ द्या. तो गेलेल्या माणसाची जागा घेत नाही. तो फक्त खाली बसून खूर बघतो.