हाताने बदलू नये

मास्तर जाऊन चार महिने झाले होते. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. ते प्रोग्रामर होते. पण कुणी काही विचारलं की खुर्ची ओढून अगदी पहिल्यापासून समजावत बसायचे, म्हणून ऑफिसात सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांचं काम ताईंकडे आलं. ताई अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर होत्या.

काम औषधांच्या नोंदीचं होतं. पेशंटला एका हॉस्पिटलमधून दुसरीकडे हलवलं की आधी दिलेल्या औषधांची माहिती पहिल्या हॉस्पिटलच्या सर्व्हरवरून नव्या वॉर्डातल्या स्क्रीनवर यायची. कोणी काय विचारायचं आणि काय उत्तर द्यायचं, हे एका फाइलमध्ये लिहिलेलं असे. तिला ते करार म्हणत. तो करार एका टूलला दिला की माहिती देणाऱ्या आणि मागणाऱ्या अशा दोन्ही बाजूंचा कोड चहा निवायच्या आत तयार.

करारात एक रकाना वाढला म्हणून एका मंगळवारी ताईंनी कोड नव्याने तयार केला. चाचण्या सुरळीत पार पडल्या. बुधवारी तो सगळ्या हॉस्पिटलांत गेला.

गुरुवारी एका आजोबांना रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा डोस दोनदा मिळाला. पहिल्या हॉस्पिटलात तो दिलेला होता, पण नोंद करायची राहून गेली होती. नव्या वॉर्डातल्या सिस्टरच्या स्क्रीनवर शून्य दिसत होतं. शून्य म्हणजे दिलेला नाही. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे तिने दिला. आजोबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. चौकशी संपेपर्यंत सिस्टरला घरी बसवण्यात आलं.

"स्क्रीनवर शून्यच होतं असं ती म्हणते. एकदा बघून घ्या," साहेब ताईंना म्हणाले.

ताईंनी जुना आणि नवा कोड शेजारी-शेजारी उघडला. दोन्हींच्या माथ्यावर टूलने लिहिलेली ओळ होती: ही फाइल आपोआप तयार झाली आहे, हाताने बदलू नये. जुन्या फाइलमध्ये त्याखाली बरंच खाली गेल्यावर सहा ओळी वेगळ्या दिसल्या. त्या मास्तरांच्या होत्या. आकडा आलाच नाही तर टूलचा कोड तिथे गुपचूप शून्य ठेवायचा. मास्तरांनी त्या जागी 'माहीत नाही' असं दिसेल अशी सोय केली होती. मंगळवारी कोड नव्याने तयार झाला तेव्हा त्या सहा ओळी पुसल्या गेल्या.

ताई उठून साहेबांकडे गेल्या. सापडलं ते सगळं त्यांनी सांगितलं.

"म्हणजे घोळ मास्तरांचाच," साहेब म्हणाले.

"त्या ओळी होत्या म्हणून तीन वर्षं कुणाला काही झालं नाही."

"मान्य. पण नियम त्यांनी मोडला आणि कुठे लिहूनही ठेवलं नाही. अहवालात तेवढंच लिहा. माणूस गेलेला आहे, त्यांना आता काय फरक पडतो? तुमची बढती तोंडावर आलीय, ताई."

"आणि सिस्टरबद्दल काय लिहू?"

साहेब फोन उचलून नंबर लावू लागले.

ताईंनी अहवाल लिहिला. मास्तरांनी बदल करारातच करायला हवा होता, हे लिहिलं. त्यात त्यांना पाठीशी घातलं नाही. पण कोड मी नव्याने तयार केला आणि जुन्याशी ताडून पाहिला नाही, हे त्याच्याही वर लिहिलं. सिस्टरला स्क्रीनवर शून्यच दिसलं होतं, हे सगळ्यात वर.

बढती त्या वर्षी हुकली. करार बदलला: दिला, दिला नाही, माहीत नाही, अशी तीन वेगळी उत्तरं त्यात आली आणि दोन्ही बाजूंचा कोड त्यावरून पुन्हा तयार झाला. आजोबा महिन्याभराने घरी गेले. त्यांना आता शब्द लवकर सापडत नाहीत.

सिस्टर कामावर परतली तेव्हा ताई तिला भेटायला वॉर्डात गेल्या. ती औषधांच्या ट्रॉलीवर वाकून गोळ्या लावत होती. ताईंनी आपण कोण ते सांगितलं आणि माफी मागितली.

सिस्टरने मान वर केली नाही. "सतरा दिवस मला वाटत होतं, मीच चुकीचं वाचलं," ती म्हणाली. "नवरासुद्धा म्हणाला, दमली असशील."

ताईंनी मास्तरांच्या त्या सहा ओळींबद्दल सांगितलं. सिस्टरने विचारलं, "ज्यांनी आधी ते नीट केलं होतं, ते उंच, चष्म्याला दोरी लावलेले का?"

"हो. तुम्ही ओळखता?"

"तीन वर्षांपूर्वी दोन दिवस त्या खिडकीपाशी बसून होते. आम्हाला वाटलं, कुणाचा तरी नातेवाईक. मी एकदा पेशंटच्या जुन्या हॉस्पिटलला फोन लावून विचारत होते, डोस दिला की नाही. फोन ठेवल्यावर म्हणाले, स्क्रीनवर तर शून्य आहे, मग फोन कशाला? मी म्हटलं, इथलं शून्य कधी खरं असतं, कधी नसतं. मग स्क्रीनवर 'माहीत नाही' दिसायला लागलं, तेव्हापासून शून्य दिसलं की मी फोन लावत नव्हते."

अकरा वर्षांत मास्तर याबद्दल कधी बोलले नव्हते. की बोलले होते, आणि आपण मान डोलावून आपल्या कामाला लागलो, हे ताईंना आठवेना.

"मीही बसले तर चालेल का, थोडा वेळ?" त्यांनी विचारलं.

सिस्टरने ट्रॉली पुढे ढकलली. "बसा. फक्त वाटेत नको."