दादांसाठी पाच रेकॉर्ड

रविवारी दोन वाजता दादा येणार होते आणि दीड वाजता मी यादीतली चौथी रेकॉर्ड सातव्यांदा बदलली. माझ्याकडे जॅझ गिटारच्या बासष्ट रेकॉर्ड आहेत. त्यातल्या पाच काढायला मी अख्खा आठवडा घेतला होता, तरी जीव खालीवर होत होता. तीस वर्षं मी मुलींना भूगोल शिकवला. परीक्षेला घाबरू नका, असं त्यांना दरवर्षी सांगितलं, पण स्वतःला कधी ते पटवता आलं नाही.

घाबरायला कारणही होतं. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ मानसिंगराव. त्यांचा डावा कान दहा वर्षांपूर्वीच गेला. आता उजव्या कानाच्या नसेवर गाठ निघाली होती आणि मंगळवारी दिल्लीत ऑपरेशन होतं. जिवाला धोका नाही, पण ऐकू येणं संपेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. दादांनी जन्मभर दुसरं काही केलंच नाही, गाणं ऐकलं. नोकरी मधल्या वेळात केली. बैठकीत ते पुढच्या रांगेत असले की गाणारा माणूस ताठ बसायचा.

मागच्या रविवारी ते शिंदे की छावनीतून माझ्याकडे दौलतगंजला आले, दोन जिने चढले आणि धापा टाकत म्हणाले, "सुधा, तुझं ते गिटार ऐकव. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. नवख्या माणसाला काय ऐकवशील, ते लाव."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा! पहिली रेकॉर्ड मी टोपी बाजारातून आणली होती. दुकानदाराने सिनेमाच्या गाण्यांचं गिटार म्हणून दिली आणि मीही तेच समजून घेतली. घरी लावली तर ओळखीचं एक गाणं नाही. कुणी एक माणूस नखी न वापरता नुसत्या अंगठ्याने तारा छेडत होता, आणि आवाज असा मऊ की मी उभीच राहिले. दादांनी दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "याची सम कुठंय? हा गडी घर विसरलाय का?" सगळं घर हसलं. त्या दिवसापासून मी हेडफोन लावून ऐकते. मला राग आला होता आणि तो मी नीट जपून ठेवला. माझा स्वभावच तसा आहे.

म्हणून मागच्या रविवारी ते "आत्ताच लाव" म्हणाले, तेव्हा मी अडून बसले. म्हटलं, "असं कसं दादा? निवडायला हवं. तुम्ही एकदाच ऐकणार. पुढच्या रविवारी या, पाच काढून ठेवते."

"पुढच्या रविवारी संध्याकाळची गाडी आहे."

"मग जाता जाता ऐका."

दादा थोडा वेळ कपाटाकडे बघत बसले. मग "बरं" म्हणाले आणि उठले.

आठवडाभर मला दुसरं काही सुचलं नाही. फार जलद वाजवणारे बाद केले, दादा त्याला कसरत म्हणाले असते. ज्यात सॅक्सोफोन गिटारला बोलूच देत नाही, त्याही बाजूला ठेवल्या. पहिला तो अंगठेवालाच, हे नक्की होतं. दुसरी, गिटार आणि पियानो यांचं दोघांचंच बोलणं, ड्रम नाही, काही नाही. तिसरी नायलॉनच्या तारांची, हळू आवाजाची. चौथीचं सांगितलंच. पाचवीत एक माणूस एकटा वाजवतो. ती ऐकताना मी पुष्कळदा रडले आहे, पण ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

दोनला दादा आले, कानावरून मफलर गुंडाळून. बरोबर त्यांची लेक सोनिका, तीच त्यांना दिल्लीला नेणार होती. दादा आल्यापासून बोलतच होते. जिना, थंडी, गाडीतली खालची बर्थ. मला तोंड उघडायला मिळेना. मी खूण करून मफलर काढा म्हटलं, तर हसून म्हणाले, "राहू दे, गार लागतं."

"गारठ्याने काय होतंय! ऐकायला आलात ना?" मी चिडले.

"आत्या, तुम्ही इतकं टेन्शन क्यूं ले रहे हो?" सोनिका म्हणाली. "जे लावाल ते चालेल ना बाबांना."

"चालेल म्हणजे काय? तुझ्या बाबांना आजवर चालेल ते कधी चाललंय?"

ती चहा करते म्हणून लगेच आत गेली. मला ते जरा विचित्र वाटलं, पण सुई पुसायची राहिली होती.

मी अंगठेवाला लावला आणि दादांच्या समोर बसले. आमच्या घरात ऐकताना मांडीवर ताल धरायची सवय सगळ्यांनाच. जॅझमध्येही धून फिरून मुखड्यावर येतेच, तीच मी सम मानते आणि तिथे हात जरा उचलून खाली ठेवते. पहिल्यांदा मुखडा आला, माझा हात पडला आणि त्याच क्षणी दादा म्हणाले, "वा!"

मला काय झालं ते कसं सांगू! चाळीस वर्षांचा राग एका शब्दात उतरला. पुढच्या मुखड्याला पुन्हा "वा!", त्याच्या पुढच्याला मान डोलली. ज्या माणसाला सम सापडत नव्हती, तो आता एकही चुकवत नव्हता. शेवटी दादाच ते, मी मनात म्हटलं.

दुसरी लावली. गिटार आणि पियानो. ड्रम नसल्यामुळे हिशेब सगळा आपणच ठेवायचा असतो, आणि मी इतकी खूश होते की मोजता मोजता चुकले. मुखडा येऊन गेला आणि माझा हात दोन मात्रा उशिरा पडला. एवढी ढोबळ चूक मी शाळकरी असतानाही केली नव्हती.

"वा!" दादा म्हणाले. माझ्या चुकीवर, अगदी नेमके.

दादा दोन मात्रा चुकणं शक्यच नव्हतं. एवढ्याशा चुकीसाठी त्यांनी नावाजलेल्या गवयांकडे पाठ फिरवली होती. मी हात मांडीवर नुसता ठेवून दिला. गिटार रंगात आलं होतं. दादा हसऱ्या चेहऱ्याने माझ्या हाताकडे बघत राहिले, वाट बघत राहिले.

मी उठले, कपाटाकडे तोंड केलं आणि पाठमोरीच मोठ्याने विचारलं, "दादा, चहात साखर घालायची ना?"

उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं, जवळजवळ ओरडून. आतून सोनिकाचा आवाज आला, "डाल दी है, आत्या!" मागे वळले तर दादा तसेच, फिरणाऱ्या रेकॉर्डकडे बघत.

मी त्यांच्या समोर जाऊन बसले. "कधीपासून?"

त्यांनी माझे ओठ नीट पाहिले. "काय कधीपासून?"

"दादा!"

"गुरुवारी सकाळी," ते म्हणाले. "उठलो तर कुकरची शिट्टी नाही, सोनिकाचा आवाज नाही. डॉक्टरांना फोन केला तिने. ते म्हणाले, गाठीने आधीच नेलं, आता परत यायचं नाही; ऑपरेशन मात्र करावंच लागेल."

सोनिका दारात उभी राहून डोळे पुसत होती. म्हणजे तिला माहीत होतं.

गुरुवार. आणि ते माझ्या दारात आले होते त्याच्या आधीच्या रविवारी. त्या दिवशी त्यांना ऐकू येत होतं. मी कुठलीही रेकॉर्ड ओढून काढली असती, डोळे मिटून, बासष्टातली सगळ्यात टुकार, तरी त्यांनी ती ऐकली असती. मी त्यांना पुढच्या रविवारची वेळ दिली होती.

"मग आलात कशाला?" मला रडू फुटलं आणि रागही आला, त्यांचा नाही, माझाच. "त्या दिवशीच हट्ट का नाही केलात? माझं का ऐकलंत?"

एवढ्या भराभर बोललेलं त्यांना कळलं नसावं. त्यांनी रुमाल काढून माझ्यापुढे धरला.

"तू आठवडाभर निवडत होतीस," ते म्हणाले. "पाचांतल्या दोनच झाल्या. तिसरी लाव."

"काय करायचीय लावून?"

"लाव म्हणतो ना."

मी तिसरी लावली. नायलॉनच्या तारांची, हळू आवाजाची. समोर बसले आणि मांडीवर ताल धरला. मुखडा कुठे, मात्रा कुठली, काही कळेना. मी थांबले.

"सुधा, हात थांबवू नकोस," दादा म्हणाले. "मला तेवढंच ऐकू येतंय."